मॅडमला कोणी ‘असहमत’ म्हणत नाही

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते. विषय पालकांच्या शिक्षणाकडे पाहण्याच्या दृष्टीचा, आणि मंजूर झालेली पद्धत सर्वेक्षणाची. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच रकाने.

पथदर्शी चाचणीत जवळजवळ सगळ्या खुणा पहिल्याच रकान्यात पडल्या. वेचणीच्या दिवसांत मुलं शाळेतच असावीत? पूर्ण सहमत. इकडे माझ्या हजेरीपटावर कापसापायी वर्ग रिकामा. एका काकूंनी तर प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच सांगून टाकलं, “तुमाले जे बराबर वाटन ते लिवा, मॅडम.” प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते मोजणारा आकडा म्हणजे क्रोनबाखचा अल्फा. उत्तरांत फरकच नसेल तर तो तरी कशाचा काढणार? ते सूत्रच फरकावर उभं आहे.

मार्गदर्शक सरांनी सुचवलं, विधानं सोपी करा, काही उलट अर्थाची घाला. एरवी हा सल्ला रास्तच. पण जनगणनेला, मतदार यादीला, शाळाबाह्य मुलं शोधायला गावात कागद घेऊन फिरतो तो शिक्षकच. दाखला त्याच्याकडे, शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच्याकडे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे, हे गावाला नेमकं माहीत नसेल, पण मूल घरी ठेवल्याचं मॅडमसमोर बोलू नये एवढं पक्कं माहीत आहे. मग विधान कितीही सोपं केलं तरी विचारणारी मीच.

म्हणून पद्धत बदलली. माझी शाळा नाही अशा गावांत बायांसोबत ओटी बांधून वेचायला जाते आणि कशासाठी आले ते आधी सांगते. वेचताना नजर बोंडावर असते, तोंडाकडे कोणी पाहत नाही, त्यामुळे बोलणं मोकळं होतं. एक ताई म्हणाल्या, “पोरगी शिकली तं पायजेच. पन यंदा वेचाले मानूस कुठून आनू?” ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. पाचांपैकी एकाही रकान्यात ती एकत्र मावत नाहीत.

संध्याकाळी वहीत दोन बाजू लिहिते. डावीकडे बोलणं. उजवीकडे त्या वेळी मी तिथं कोण होते, वही उघडी होती का, शेतमालक धुऱ्यावर होता का, सासू जवळ आल्यावर सूर बदलला का. प्रबंधात ‘संशोधकाची भूमिका’ म्हणून शेवटी एक पान जोडायची रीत आहे, ती मला पुरेशी वाटत नाही. उजवी बाजू विश्लेषणात यायलाच हवी. कोलाम या आदिवासी समाजाच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, तर आणखी एक थर चढतो. कोलामी ही द्राविडी भाषा, मला ती येत नाही. बारावी झालेली तिथलीच एक मुलगी दुभाषी असते आणि काय गाळायचं ते तीही ठरवते. तिच्याशी बसून तेही नोंदवतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहावं लागतं. तिथं प्रश्न आला, “मग सामान्यीकरण कसं करणार?” मी सांगितलं, टक्केवारी मी देणार नाही. शेत, शाळा आणि घर यांचा हिशोब एक आई कसा घालते ते इतक्या तपशिलाने देईन की दुसऱ्या तालुक्यातल्या वाचकाला आपल्या गावाशी ताडून पाहता येईल.

आता तिसरं प्रकरण नव्याने लिहिते आहे. माझ्या शाळेतले पालक त्यात घेतले नाहीत, कारण ज्यांच्या मुलांचा दाखला माझ्या हाती, त्यांची संमती मोकळी मानता येत नाही. त्या जुन्या प्रश्नावल्या मात्र ठेवते आहे. गाव शिक्षकाला कसं उत्तर देतं, याचा तो माझ्याकडचा सर्वांत सरळ पुरावा आहे.