कुठली बॅच?

माझं माहेर साताऱ्याचं. तिथे नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव. लग्न होऊन विलेपार्ल्यात आले, तर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी जिन्यात गाठलं. "तू पार्ले टिळकची नव्हेस ना?" चेहऱ्यावरून कळतं की काय, कोण जाणे!

पार्ले टिळक विद्यालय. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले आणि पुढच्याच वर्षी पार्लेकरांनी त्यांच्या नावाने शाळा काढली. पार्लं तेव्हा मुंबईत धरलं जात नव्हतं. पुतळा उभारून मोकळं व्हायचं सोडून या लोकांनी पोरांच्या शिक्षणाचं बघितलं, हे मला फार आवडतं. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघही निघाला. पु. ल. देशपांडे याच शाळेतले, हे तर इथे असं सहज सांगतात की जणू सांगणाराच त्यांच्या शेजारच्या बाकावर बसायचा.

शाळेचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला : कुठली बॅच?

आमच्या घरात या प्रश्नाला फाटे फुटतात. सासरे म्हणतात, पंचाहत्तर. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्या, त्याही म्हणतात, पंचाहत्तर. जुळी नव्हेत, चांगलं वर्षाचं अंतर आहे. पण १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकदमच बोर्डाला बसली. "मी खरा मॅट्रिक," असं बाबा अजून ऐकवतात. "एक वर्ष जास्त लागलं तुला, एवढंच," असं आत्या अजून सुनावतात. पन्नास वर्षं उलटून गेली. मधल्या काळात बिस्किटांचा कारखाना बंद पडला, दुपारी गल्लीभर पसरणारा तो गोड भाजका वास गेला. हे भांडण मात्र जसंच्या तसं.

परवा न्हाणीघरातला नळ गळत होता म्हणून प्लंबरला बोलावलं. त्याने पिशवी खाली ठेवायच्या आत बाबांनी विचारलं, "शाळा कुठली?"

"पार्ले टिळक. ब्याण्णव."

"अरे, मग बस की!"

चहा झाला. कुठल्या सरांनी कुणाला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते झालं. दुसरा चहा मागवला गेला. नळाखालची बादली मी दोनदा बदलली.