जुन्या वळणाचं डाइव्ह वॉच की आजच्या मॉडेलची नक्कल?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमी साधारण असा असतो: वीस हजारांच्या आत पहिलं डाइव्ह वॉच, म्हणजे पाणबुड्यांच्या वापराचं घड्याळ, घ्यायचंय, तर १९६०च्या दशकातल्या घडणीचं घेऊ, की रोलेक्सच्या आजच्या सबमरीनरसारखं हुबेहूब दिसणारं? विचारणाऱ्याच्या फोनमध्ये दोन्हींचे फोटो तयार असतात.

माझं उत्तर ठरलेलं आहे. जुन्या वळणाचं घ्या. मात्र ते आत्ता बनलेलं असू द्या, आणि तबकडीवर दुसऱ्या कंपनीचं नाव नसू द्या.

यामागचं माझं मुख्य कारण जरा सविस्तर सांगतो. आजच्या महागड्या डाइव्ह वॉचची किंमत जाते ती बारीक कामात. सिरॅमिक बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं, आणि केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, यांच्यातली फट सगळीकडून सारखी असते. पट्ट्याची कडी बंद करताना कुठे खडखड होत नाही. पॉलिश केलेली कड जिथे ब्रश केलेल्या पृष्ठभागाला भिडते, तिथली रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ जाते. स्वस्त नक्कल नेमकी इथेच उघडी पडते. दुरून फोटोत छान दिसते, हातात घेतली की बेझल डुगडुगतं. जुनी डाइव्ह वॉचेस मुळातच साधी होती. ॲल्युमिनियमचं बेझल, पत्र्याची कडी, रबरी पट्टा, जाड काटे. सैनिकांना आणि पाणबुड्यांना वापरायला दिलेली ती हत्यारं होती. ही घडण पंधरा हजारांतही प्रामाणिकपणे उतरवता येते. ब्रिटिश नौदलासाठी १९७०च्या दशकात बनलेल्या सबमरीनरचे तलवारीसारखे रुंद काटे आणि पूर्ण साठ मिनिटांच्या खुणांचं बेझल पाहा, किंवा सेइकोच्या ६१०५ या मॉडेलचा फुगीर केस आणि चारच्या आकड्याशी बसवलेली चावी पाहा. या घडणीची आज निघणारी घड्याळं मला मनापासून आवडतात.

दुसरं कारण मनगट. सेइकोने १९६५ साली काढलेलं जपानचं पहिलं डाइव्ह वॉच, ६२मास, जेमतेम ३७ मिलिमीटरचं होतं. नंतर ४२, ४४ असे आकार वाढत गेले आणि आपल्याकडच्या सडपातळ मनगटावर ती घड्याळं वाटीसारखी पालथी दिसू लागली. खुद्द ट्यूडरने, म्हणजे रोलेक्सच्या भगिनी कंपनीने, २०१२ साली ४१ मिलिमीटरचं ब्लॅक बे काढलं आणि २०१८ मध्ये ३९ मिलिमीटरचं ब्लॅक बे फिफ्टी-एट आणलं, तेव्हा लोकांनी ते उचलून धरलं. घेताना नुसता व्यास बघू नका. पट्टा जिथे अडकतो त्या लगच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी विचारा, आणि घरी फूटपट्टीने मनगटाचा वरचा सपाट भाग मोजा. लांबी त्या सपाट भागाच्या आत बसली, तर घड्याळ तुमचं.

एका बाबतीत मात्र जुन्या वळणाच्या घड्याळांशी माझं भांडण आहे, ते म्हणजे अंधारातला उजेड. पूर्वी काट्यांना रेडियम लावत, नंतर ट्रिटियम आलं. ट्रिटियम बारा वर्षांत निम्मं होतं, म्हणून त्या काळची तबकडी आज अंधारात जवळपास मुकी असते. रेडियमचं उलटं: चमक गेलेली असते, पण किरणोत्सार हजारो वर्षं राहतो. असं घड्याळ घरी कधीही उघडू नका. १९९०च्या दशकात जपानच्या नेमोटो कंपनीचं किरणोत्सार नसलेलं ल्युमिनोव्हा आलं आणि प्रश्न सुटला. आता जुनेपणा दिसावा म्हणून बनवणारे त्यालाच चहाच्या डागासारखा रंग देतात. तो रंग जितका गडद, तितका उजेड कमी. मला हा सौदा पटत नाही. फिकट हिरवट किंवा पांढरा लेप असलेलं घ्या. दुकानातच मोबाइलचा टॉर्च दहा सेकंद धरा, ओंजळीत अंधार करा आणि बघा. डाइव्ह वॉचसाठीच्या आयएसओ ६४२५ या मानकानुसार अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. बेझलवरच्या त्रिकोणातला ठिपकाही चमकला पाहिजे. पाण्याखाली किती मिनिटं झाली हे त्याच्यावरूनच कळतं.

बेझल एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरलं पाहिजे. धक्क्याने सरकलं, तर झालेला वेळ जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. सुरुवातीच्या सबमरीनरची बेझलं दोन्हीकडे फिरत, आणि काही नकला तेही तसंच्या तसं उचलतात. पाण्यात उतरणार असाल तर अशी घेऊ नका. काच नीलम, म्हणजे सफायर, आणि घुमटाकार घ्या. जुना डौल राहतो, ओरखडे पडत नाहीत. आतलं यंत्र सेइकोचं एनएच३५ असेल तर डोळे झाकून घ्या. ते पूर्ण चावीवर ४१ तास चालतं आणि बिघडलंच तर अख्खं यंत्र स्वस्तात बदलता येतं.

"मग खरंच जुनं का नको?" असंही विचारतात. मुंबईशी दीडशे वर्षांचं नातं असलेल्या फाव्र-लुबा या स्विस कंपनीची सी चीफ किंवा सी किंग आपल्याकडे पुष्कळ घरांत आजोबांच्या पेटीत सापडते. नावात समुद्र असला तरी ती चावीची नेहमीच्या वापरातली घड्याळं आहेत. पाणबुड्यांसाठी त्या कंपनीने १९६४ मध्ये डीप ब्लू काढलं, आणि १९६८ मध्ये बॅथी, जे चक्क पाण्याची खोलीही दाखवत असे. आजोबांची सी किंग जपून वापरा, लग्नाकार्याला घाला, पण पावसातही नेऊ नका. तबकडी नव्याने रंगवून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या जुन्या घड्याळांबद्दलही माझा हाच सल्ला.

रस्त्यावरच्या फर्स्ट कॉपीबद्दल: घेऊ नका. तबकडीवर जसं दुसऱ्याचं नाव चोरलेलं असतं, तसाच "३०० मीटर" हा पाणी न शिरण्याच्या खोलीचा आकडाही. त्यावर विसंबून समुद्रात गेलात तर काचेआड वाफ धरलीच म्हणून समजा.

आणि खऱ्या २०० मीटरचा अर्थही नीट समजून घ्या. हौशी डाइव्हिंगची मर्यादा ४० मीटर आहे, तारकर्लीला नवख्यांना नेतात ते त्याच्याही कितीतरी वर. त्यामुळे ५०० मीटर आणि हेलियम व्हॉल्व्हसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. तो व्हॉल्व्ह खोल समुद्रातल्या कामासाठी दिवसेंदिवस दाबाच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी असतो. चावी घट्ट फिरवून बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आणि दोनेक वर्षांनी रबरी गॅस्केट बदलून दाबाची चाचणी करून घ्या. पट्टा एकसंध नायलॉनचा लावा. तो दोन्ही पिनांखालून जातो, म्हणून एक पिन तुटली तरी घड्याळ मनगटावरच राहतं.