एक लांब, सात छोटे

माझी माझदा एमएक्स-5 1991 सालची, 1.6 लिटर इंजिनाची. तिच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवाच नाही. या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना तो दिलेला नव्हता. त्यामुळे काही दुखलं तर ही बाई मुकाट सोसते आणि लक्षणांवरून आपण ओळखायचं. या वेळी आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं, वरखाली व्हायला लागलं आणि रेस देताना गाडी क्षणभर अडखळायला लागली.

गाडीतले बिघाड वाचायचं, ओबीडी-टूचं सोळा पिनांचं सॉकेट अमेरिकेत 1996 पासून सक्तीचं झालं. हिच्यात ते नाही, म्हणजे स्कॅनर लावायचा प्रश्नच मिटला. बॉनेटखाली एक छोटी डबी आहे, झाकणावर 'डायग्नोसिस' लिहिलेली. तिच्यातल्या टीईएन आणि जीएनडी या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा अडकवायचा, बी-प्लस आणि एफईएन यांच्यामध्ये रेझिस्टर जोडलेला एलईडी लावायचा आणि इंजिन सुरू न करता चावी फक्त ऑनवर न्यायची. मग दिवा लुकलुकून बिघाडाचा कोड सांगतो. लांब लुकलुक दशकाची, छोटी एककाची.

मी बॉनेटमध्ये वाकून वायर धरली होती, मोजणी लेकीकडे.

"आई, एक लांब, सात छोटे."

"परत मोज."

"अगं, तेच. सतरा."

कोड 17 म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं फीडबॅक. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. मी काय करावं? दुसरं काही न तपासता नवा सेन्सर मागवला. जुना असा गंजून बसला होता की त्याला रात्रभर गंज सुटायचं तेल पाजलं आणि सकाळी 22 चा पाना लावून, अंगातला सगळा जोर काढून फिरवला, तेव्हा कुठे तो 'कर्र' करून हलला. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून, ब्रेक थोडा वेळ दाबून धरून, जुने कोड पुसले. दोन दिवस मी भलतीच खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी आयडलिंग पुन्हा नाचायला लागलं. पुन्हा डबी, पुन्हा एलईडी. या वेळी तीन कोड: 08, 10 आणि 17. पोटात गोळाच आला. मग आठवलं, आदल्या संध्याकाळी एअरफ्लो मीटरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या डब्याचा, प्लग साफ करायला काढला होता आणि चावी ऑनच राहिली होती. 08 त्या मीटरचा. 10 आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, आणि तो सेन्सर या गाडीत मीटरच्याच पोटात बसवलेला आहे. एक प्लग काढला की दोन कोड. माझाच पराक्रम. ते दोन पुसले गेले, पुन्हा आले नाहीत. 17 मात्र दुसऱ्या फेरीनंतर हजर.

मी पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब तपासते. ताळा जिथे जुळत नाही ते पान आणि चूक जिथे झाली ते पान क्वचितच एक असतं, हे हाताखालच्या पोरांना उठता-बसता ऐकवते. आणि स्वतःच्या गाडीपाशी आले तर थेट शेवटचं पान फाडून नवं चिकटवलं! सेन्सरचं व्होल्टेज हवं तसं हलत नाही, एवढंच कोड सांगत होता. सेन्सर मेलाय असं तो कुठे म्हणाला होता?

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. इंजिन गरम करून सेन्सरच्या सिग्नल वायरला मल्टिमीटर लावला. हे व्होल्टेज साधारण 0.1 ते 0.9 व्होल्ट यांच्यात सतत झुलायला हवं. माझं 0.1 ला चिकटून होतं, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. ती येते कुठून? या इंजिनात हवा मोजायला मीटरमध्ये एक झडप असते, हवेच्या ओढीने उघडणारी. झडपेच्या पुढे कुठेही फट असली तर तिथून आलेली हवा मोजलीच जात नाही आणि पेट्रोल मोजलेल्या हवेपुरतंच पडतं.

एक जुनी युक्ती केली. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण सैल केलं. या गाडीत त्याने इंजिन अडखळायला हवं, कारण तिथूनही न मोजलेली हवा आत शिरते. माझ्या इंजिनाने दखलसुद्धा घेतली नाही. त्याला फुकटच्या हवेची सवयच झाली होती.

मग एअरफ्लो मीटर आणि थ्रॉटल (अॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) यांच्यामधला रबरी बूट, म्हणजे हवेची लवचिक नळी, हातात धरून वाकवला. वरून चकचकीत, धडधाकट. खालच्या बाजूच्या घडीत मात्र नखाएवढी चीर. रबर दाबलं की बंद, ताणलं की ओठ उघडल्यासारखी. रेस दिल्यावर इंजिन हलतं, तेव्हा ती नेमकी उघडत असणार. पेट्रोलसारख्या पेटणाऱ्या कार्ब्युरेटर क्लीनरचा अगदी छोटा फवारा तिच्यावर मारला (आग विझवायचा सिलिंडर पायाशी ठेवून, हे गमतीत घेऊ नका) आणि मल्टिमीटरवरचा आकडा 0.1 वरून टुणकन 0.8 वर गेला.

नवा बूट बसवायला वीस मिनिटं लागली. त्यातली दहा एका क्लिपचा स्क्रू शोधण्यात.

शनिवारी मुद्दाम जुना सेन्सर परत लावून पाहिला. आकडा झुलत होता, अगदी नव्यासारखा. आता तो ड्रॉवरमध्ये आहे, चिठ्ठी बांधून: 'चालू आहे. उगाच काढला.'