आधीच्या कामाची धूळ

वाघोलीच्या खडी क्रशरवर काम करणारे ते गृहस्थ आमच्या छातीविकार विभागात आले, तेव्हा त्यांचे क्षयाचे उपचार दोनदा पूर्ण झाले होते, तरीही दम आणि कोरडा खोकला हटत नव्हता. जुन्या कागदांत थुंकीमध्ये जंतू सापडल्याची नोंद एकदाही नव्हती.

एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गोल गाठी दाटीने पसरलेल्या होत्या आणि मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथींच्या कडांवर अंड्याच्या कवचासारखा कॅल्शियमचा थर होता. हे चित्र सिलिकोसिसचे, म्हणजे सिलिका या खनिजाच्या बारीक धुळीने फुप्फुसांत व्रण पडणाऱ्या आजाराचे होते. पुणे परिसरातला काळा दगड मात्र बेसाल्ट आहे आणि त्यात मुक्त सिलिका फार थोडी असते. त्याची धूळही निरुपद्रवी नाही, तिने जुनाट खोकला आणि श्वासनलिकांचा अडथळा जडतो. पण केवळ तिच्यामुळे इतक्या गाठी झाल्या असतील, हे मला पटेना.

खडीच्या आधी काय करत होता, असे विचारल्यावर ते “मजुरीच” एवढेच म्हणाले. उत्तर त्यांच्या पत्नीने दिले.

“मॅडम, हे आधी भोसरीला फाउंड्रीत होते. सँड ब्लास्टिंगला. तोंडाला रुमाल बांधून जायचे.”

दाबाच्या हवेने लोखंडावर आपटणारी वाळू फुटते, तेव्हा क्वार्ट्झचे, म्हणजे मुक्त सिलिकाचेच, 5 मायक्रॉनहूनही बारीक कण उडतात. ते रुमालातून सहज आत जातात आणि थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या पेशी त्यांना गिळतात, पण नष्ट करू शकत नाहीत, स्वतःच मरतात, आणि काम सुटल्यानंतरही फुप्फुसात व्रण वाढत राहतो. तो व्रण पुसणारे औषध नाही. केस पेपरवर फक्त आजच्या कामाची नोंद करून थांबणे मला म्हणूनच अक्षम्य वाटते.

सिलिकोसिसमध्ये क्षयाचा धोका वाढतो, त्यामुळे थुंकी पुन्हा तपासायला पाठवली. धुळीचे काम पूर्ण बंद करा, असे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न रोजंदारीचा विचारला, आणि तो रास्तच होता. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातल्या, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत सिलिकोसिस होता, पण काम ठेकेदाराकडचे. हजेरीचा कागदसुद्धा हाती नव्हता. निदान आणि कामाचा इतिहास मी सविस्तर लिहून दिला. त्याच खात्यातले दोन जोडीदार अजून भोसरीतच राहतात, असे पत्नीने सांगितले. साक्षीसाठी ते हवेतच, पण त्याआधी त्यांचे एक्स-रे काढायला त्यांना घेऊन या, असे मी तिला बजावले.