आमची वाटचाल : भडंग, चिक्की आणि 'सोपा' कर

सांगलीत आईने घरातूनच भडंग विकायला सुरुवात केली, तेव्हा कर म्हणजे आमच्यासाठी फक्त घरपट्टी. पुढे वडिलांनी नोकरी सोडली, चिक्की सुरू झाली, बेळगाव-गोव्याची गिऱ्हाइकं लागली आणि त्यांच्यामागून सी-फॉर्म आले, म्हणजे परराज्यातल्या व्यापाऱ्याने सवलतीच्या करासाठी द्यायचा कागद. दोन टक्के सीएसटीने (केंद्रीय विक्रीकराने) माल पाठवायचा आणि त्या कागदासाठी व्यापाऱ्याच्या मागे लागायचं. फॉर्म आला नाही तर करातला फरक आपल्या खिशातून. १ जुलै २०१७ ला जीएसटीने हा जाच संपवला, हे कबूल करायलाच हवं.

पण सोप्या कराचं जे आश्वासन होतं, त्याचं काय? भडंग तेच, कढई तीच. आधी १२ टक्के. काही महिन्यांत नोंदणीकृत ब्रँड असेल तर १२, नसेल तर ५. आमचं ब्रँड-नोंदणीचं चाललं होतं, सीए म्हणाले, "थांबा जरा." मग जुलै २०२२ पासून ब्रँड असो-नसो, पाकीटबंद आणि लेबल लावलेलं असलं की १२. चिक्की मात्र २०१७ मध्येच १८ वरून थेट ५ वर आली होती. का, ते विचारू नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून भडंगही ५ वर. दिवाळीच्या तोंडावर खप वाढला, छान झालं. पण पाऊचवर अजून १८ टक्के लागतात. तिथे भरलेला सगळा कर विक्रीवरच्या ५ टक्क्यांतून वळता होत नाही, क्रेडिट म्हणजे वळता करायचा राहिलेला कर साचतं. परताव्यासाठी वेगळा अर्ज, कागद, वाट पाहणं. शिवाय पाऊचवाल्याने त्याचं रिटर्न उशिरा भरलं की आमच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आमच्या खरेदीच्या यादीत, बिल दिसत नाही. पैसे दिलेत, माल वापरून झालाय, तरी त्या महिन्याचं क्रेडिट नाही. दर कमी झाला म्हणून जाहिराती होतात. महिनाअखेरीला ताळा जुळवत बसणाऱ्या आमच्या अकाउंटंट ताईंचं काम कमी झालेलं नाही.

आता १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा. ८१९ कलमांची ५३६ झाली म्हणतात. सीएंना फी कमी होणार का विचारलं, तर ते नुसते हसले.

यंदा नवं पॅकिंग मशीन घेतलं. पाऊचवाला विचारत होता, एमआरपी पाऊचवरच छापून देऊ का, स्वस्त पडेल. नको म्हटलं. ती आम्ही इथेच शिक्क्याने मारतो.