रोस्टरमध्ये नसलेलं संशोधन होत नाही

क्लिनिकल संशोधनात, म्हणजे औषधं-उपचार रुग्णांवर तपासणाऱ्या अभ्यासांत, रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना सामावून घ्यायचं ठरलं की पहिलं पाऊल हमखास कार्यशाळेचं पडतं. दोन तासांचं व्याख्यान, जीसीपीचं (अशा संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं) प्रमाणपत्र, शेवटी ग्रुप फोटो. सहा महिन्यांनी जाऊन पाहावं तर सगळा भार अभ्यासाचं रोजचं काम सांभाळणाऱ्या एकट्या कोऑर्डिनेटरवर, आणि आपल्या वॉर्डात कोणता अभ्यास चालू आहे याचा सिस्टरना पत्ता नाही. उत्साह आटलेला नसतो, तास नसतात.

म्हणून आधी तास मोजावेत. समजा अभ्यासात ४० रुग्ण घ्यायचे आहेत आणि प्रत्येकाच्या ८ भेटी आहेत. एकूण ३२० भेटी झाल्या. एका भेटीला सरासरी सव्वा तास धरला तरी ४०० तास होतात, आणि यात अजून कागद आलेच नाहीत. डेटा भरणं, त्यातल्या शंकांना (क्वेरींना) उत्तरं देणं, नोंदी तपासायला येणाऱ्या मॉनिटरची भेट, फाइल लावणं यांसाठी आम्ही आकडा सरळ दीडपट करतो, म्हणजे ६००. पूर्णवेळ माणूस रजा-सुट्ट्या वजा जाता वर्षाला साधारण १६०० तास हाताशी असतो. मग हे ६०० तास कुणाचे, ते रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यावर, कोणत्या वारी दिसणार आणि त्या वेळी वॉर्डात त्या जागी कोण उभं राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरं करारावर सही होण्याआधी लेखी हवीत. ‘जमेल तसं करू’ या उत्तराचा अर्थ जेवणाच्या सुट्टीत करू, असाच होतो.

पैशाची गफलतही इथेच होते. प्रायोजकाकडून, म्हणजे अभ्यास करवून घेणाऱ्या कंपनीकडून किंवा संस्थेकडून, येणारी रक्कम रुग्णालयाच्या सर्वसाधारण खात्यात जमा होते आणि माणूस मात्र वॉर्डाचा वापरला जातो. इन-चार्ज सिस्टर अशा अभ्यासाला नाखूश असतील तर त्यांचं चुकलं कुठे? बदली माणसाचा खर्च त्याच वॉर्डाच्या नावावर पडला पाहिजे, आणि बजेट ठरवताना फार्मसी, लॅब आणि कागदपत्रांची साठवण यांच्या स्वतंत्र ओळी हव्यात. या ओळी मागून घालायला गेलं तर सहसा कुणी ऐकत नाही.

रुग्ण किती मिळतील हेही डॉक्टरांना एकट्याने ठरवू देऊ नये. लुई लसान्या या औषधशास्त्रज्ञाच्या नावाने एक गमतीचा नियम सांगतात: अभ्यास सुरू झाला की तो आजार असलेले रुग्ण गायब होतात, अभ्यास संपला की परत येतात. गंमत सोडली तर कारण साधं असतं. ‘महिन्याला दहा तरी येतातच’ हा अंदाज आठवणीवर बेतलेला असतो. त्यातले दोघे वयोमर्यादेबाहेरचे, तिघांची किडनी निकषात न बसणारी, दोघे रात्री येऊन सकाळी घरी गेलेले. ओपीडीचं रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन मागच्या तीन महिन्यांचे केसपेपर निकषांवर प्रत्यक्ष चाळले, की खरा आकडा एका दुपारी हाती येतो. वॉर्डातल्या माणसांना संशोधनात आणायची ही सगळ्यात सोपी वाटही आहे. त्यांच्या माहितीवाचून काम अडत नाही, पण अंदाज चुकतो.

कामाच्या वाटणीसाठी डेलिगेशन लॉग असतो. त्यात नाव, सही, सोपवलेली कामं, सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख येते. नेहमी सापडणारी चूक म्हणजे काम ३ तारखेला केलं आणि लॉगवर सही ९ तारखेला. मागची तारीख टाकून हे झाकायला गेलं तर साधी चूक खोटेपणा ठरते. खरी तारीख ठेवून, काय झालं ते टिपणात लिहून मोकळं व्हावं. दुसरं टोक म्हणजे घाबरून वॉर्डातल्या पस्तीसच्या पस्तीस जणांची नावं लॉगवर चढवणं. जानेवारी २०२५ मध्ये पक्क्या झालेल्या जीसीपीच्या नव्या आवृत्तीने, आर-थ्रीने, इथे दिलासा दिला आहे. नेहमीच्या उपचारांचाच भाग म्हणून होणाऱ्या कामासाठी डेलिगेशनची नोंद गरजेची नसू शकते, आणि प्रशिक्षणही रोजच्या कामापलीकडे जे वेगळं करायचं आहे तेवढ्यापुरतंच पुरतं. रोजच्यासारखा रक्तदाब घेणाऱ्या सिस्टरना आठ तासांचा कोर्स कशाला? मात्र प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाची लेखी कार्यपद्धती, ‘पाच मिनिटं बसवून, दोनदा, त्याच हातावर’ म्हणत असेल तर तेवढं दहा मिनिटांत करून दाखवावं. आपल्याकडे कोणती कामं कोणत्या बाजूला पडतात, हे मात्र प्रायोजक आणि एथिक्स कमिटीशी आधीच लेखी ठरवून घ्यावं.

प्रशिक्षण करून दाखवण्यातच असतं, हे सेंट्रिफ्यूजपाशी, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या मशीनपाशी, सगळ्यात चांगलं कळतं. लॅब मॅन्युअल म्हणतं, १५०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोरावर) १० मिनिटं. मशीनच्या पडद्यावर मात्र मिनिटाला किती फेरे एवढंच दिसतं. टेक्निशियन सवयीने ३००० लावतो. रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर त्यातून जेमतेम १००० जी मिळतात, १६ सेंटिमीटर असेल तर १६०० च्या आसपास. म्हणजे एकाच आकड्यावर दोन मशीन दोन वेगळी कामं करतात. हिशेब असा: त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. १० सेंटिमीटरच्या रोटरला १५०० जीसाठी ३६६० च्या आसपास फेरे लागतात. हा आकडा एकदा काढून मशीनच्या झाकणावर चिकटवून टाकला की विषय संपतो.

सॅम्पलच्या बाकी भानगडीही अशाच हाताच्या आहेत. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची, खळाखळा हलवली तर पेशी फुटतात आणि सॅम्पल बिघडतं. ९ वाजता ठरलेलं रक्त ९ वाजून ७ मिनिटांनी काढलं तर ९:०७ च लिहायचं. औषधाची रक्तातली पातळी मोजायची असेल तर उशिरापेक्षा खोटी वेळ जास्त नुकसान करते, पण सिस्टरना हे कुणी सांगितलेलं नसतं आणि त्या नीटनेटकेपणापायी ९:०० लिहून मोकळ्या होतात. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये सॅम्पल ठेवू नयेत, तो मधूनमधून स्वतःला गरम करतो. आणि ताजं सॅम्पल बाहेरच्या लॅबला पाठवायचं असेल तर ती भेट शुक्रवारी ठेवू नये. लॅब शनिवार-रविवार बंद असेल तर सॅम्पल डब्यातच पडून खराब होतं.

औषधाच्या फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशांबाहेर गेलं की फार्मसीतला नवा माणूस दोनपैकी एक चूक करतो: औषध फेकून देतो, नाहीतर काही झालंच नाही असं समजून वापरतो. ते वेगळं काढून, योग्य तापमानातच ठेवून, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावायची आणि प्रायोजकाच्या लेखी उत्तराची वाट पाहायची.

खरी परीक्षा रात्रीची. प्रादेशिक आरोग्यसेवेत मोठं रुग्णालय एक आणि भोवती लहान रुग्णालयं अनेक. अभ्यासातला रुग्ण रात्री दोनला घराजवळच्या लहान रुग्णालयात भरती होतो आणि तिथे कुणालाच काही माहीत नसतं. गंभीर घटनेची खबर प्रायोजकाला द्यायची मुदत बहुतेक प्रोटोकॉलमध्ये संशोधन चमूला कळल्यापासून २४ तासांची असते, पण चमूला कळणार कसं? रुग्णाच्या पाकिटात कार्ड, केसपेपरवर ठळक शिक्का किंवा संगणकात सूचना, आणि रात्री खरंच उचलला जाणारा फोन, या तीन गोष्टी हव्यात. त्या क्रमांकावर महिन्यातून एकदा रात्री फोन लावून पाहावा.

इथे भाषाही आडवी येते. आपण तीव्र आणि गंभीर एकाच अर्थाने बोलतो. संशोधनात तसं चालत नाही. असह्य डोकेदुखी तीव्र असते, पण गोळीने घरीच थांबली तर नियमानुसार गंभीर नसते. उलट साध्या उलट्यांसाठी रुग्णाला भरती करावं लागलं तर ती घटना गंभीर ठरते. मृत्यू, जिवाला धोका, भरती किंवा लांबलेला मुक्काम, टिकून राहणारं अपंगत्व, बाळातला जन्मजात दोष, आणि वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची अन्य घटना: हे निकष नाईट ड्यूटीच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवावेत.

संमतीच्या कामात सिस्टर आणि समुपदेशक यांचा उपयोग लोक समजतात त्याहून मोठा आहे. रुग्ण उपचार करणाऱ्या डॉक्टरवर अवलंबून असेल, तर संमती त्या नात्याबाहेरच्या योग्य पात्रतेच्या व्यक्तीने घ्यावी, असं वैद्यकीय संशोधनाच्या नीतिमत्तेचा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. छोट्या गावात तर रुग्ण डॉक्टरांना ‘नाही’ म्हणतच नाही. म्हणून संमतीची माहिती देणारा माणूस दुसऱ्या विभागाचा असावा. ‘हे औषध तुमच्यासाठी निवडलंय’ असा समज रुग्णाच्या मनात बसला का, हे विचारून पाहावं: ‘तुम्हाला कोणती गोळी मिळणार हे कोण ठरवणार?’ उत्तर ‘डॉक्टरसाहेब’ आलं, आणि अभ्यासात ते संगणकाच्या चिठ्ठीवर ठरणार असेल, तर पुन्हा समजावून सांगावं. संमतीपत्राची आवृत्ती चालू आहे ना, तारीख रुग्णाने स्वतः घातली ना, त्याच दिवशी तपासणी असेल तर वेळही लिहिली ना, हे बघणं त्यानंतरचं.

काम वाढवण्यापेक्षा कमी करणारा अभ्यास निवडणं हाही कर्मचाऱ्यांना आधारच. ब्रिटनमध्ये कोविडवरचे उपचार तपासणाऱ्या रिकव्हरी चाचणीत मार्च २०२० मध्ये पहिला रुग्ण घेतला गेला आणि जूनमध्ये डेक्सामेथासोन या औषधाचा निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले होते. हे काम महासाथीने वाकलेल्या सामान्य रुग्णालयांत झालं, कारण फॉर्म छोटे होते, जादा तपासण्या जवळपास नव्हत्या आणि नोंदींचा मोठा भाग आधीच असलेल्या आरोग्य-माहितीतून घेतला जात होता.

एखाद्या सिस्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला स्वतःचा प्रश्न सुचला तर संख्याशास्त्रज्ञाची गाठ माहिती गोळा करण्याआधी घालून द्यावी. तीनशे फॉर्म भरून झाल्यावर तो ‘वजन लिहायला हवं होतं’ एवढंच सांगू शकतो. लेखावर कुणाचं नाव येणार हेही पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावं. नुसती रुग्णांची भरती करणं लेखकपदाला पुरत नाही, तेव्हा ज्यांना नाव हवं आहे त्यांना मसुद्यावर काम करण्याची संधी आणि वेळ दोन्ही द्यायला हवेत. बाकीच्यांचे आभार मानताना ‘वॉर्डातील कर्मचारी’ असं मोघम न लिहिता, त्यांना विचारून, नावं लिहावीत. निकाल हाती आला की तो हँडओव्हरच्या वेळी पाच मिनिटांत सांगावा, तिन्ही पाळ्यांना, नाईटलासुद्धा.