आमची वाटचाल : भोसरीतली शेड आणि दिल्लीतले कायदे

भोसरी एमआयडीसीत आमची भागीदारी फर्म आहे. ॲल्युमिनियमच्या प्रेशर डाय कास्टिंगच्या डाय (वितळलेला धातू दाबाने भरायचे पोलादी साचे) आणि मशीनिंग फिक्श्चर (मशीनवर भाग घट्ट धरणारी साधनं) हे आमचं काम. सुरुवात झाली ती एका जुन्या एचएमटी लेथवर. आमचे भागीदार भाऊ मूळचे टूलरूमचे मिस्त्री. त्यांनी निळा रंग लावून उंचवटे शोधले आणि लेथची क्रॉस स्लाइड (हत्यार आडवं सरकवणारा भाग) हाताने खरवडून सपाट केली. आजही टेस्ट बार लावून डायल फिरवा, काटा ०.०२ मिलीमीटरच्या पुढे जात नाही. खंडेनवमीला पहिला हार त्याच मशीनला. सीएनसी आली, व्हीएमसी आलं, अशी संगणकावर चालणारी मशीन आली, तरी इन्सर्टचं (डायमध्ये बसवायच्या तुकड्यांचं) शेवटचं फिटिंग भाऊंच्या नजरेखालूनच जातं.

मधली वर्षं कामात गेली. सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दिवाळखोरीत गेलं. नाव घेत नाही, भोसरी-चाकणच्या लोकांना सांगायची गरजही नाही. आमची बिलं महिनोन् महिने अडकलेली होती. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत आमच्यासारखे पुरवठादार म्हणजे ‘ऑपरेशनल क्रेडिटर’. निर्णय घेते कर्जदात्यांची समिती, तिथे मत बँकांचं. ६६ टक्के मतं पडली की कंपनी सोडवायची योजना मंजूर. आम्हाला मत नाही. कायद्याने हमी एवढीच, की कंपनी मोडीत निघाली असती तर जे मिळालं असतं त्याहून कमी देऊ नये. पण मोडीच्या वाटपात बँका आणि कामगार यांच्यानंतर आमचा नंबर, तिथवर काही उरतच नाही. योजना मंजूर झाली आणि आमचं येणं बुडालं. कंपनी नव्या मालकाने जुन्या देण्यांशिवाय घेतली. आम्ही घडवलेल्या डाय तिथे अजून शॉट मारतायत, म्हणजे माल काढतायत, आणि त्यांचे पैसे आम्हाला आलेले नाहीत.

शेड विकायची वेळ आली होती. सावरलं ते इचलकरंजीच्या तात्यांनी. यंत्रमागाच्या सुट्या भागांचा त्यांचा छोटा कारखाना. दोन डायचा पूर्ण ॲडव्हान्स पाठवला आणि फोनवर म्हणाले, “माल सावकाश द्या, आधी पोरांचे पगार करा.” त्यांच्याही धंद्यात तेव्हा मंदी होती.

कायदा आमच्या बाजूचाही आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण थकलेल्या बिलांची तक्रार ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत केस टाकली की दुसऱ्या दिवशी व्हेंडर लिस्टमधून नाव जातं. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी जोर लावला: लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत घेणाऱ्या कंपनीला आयकरात त्या खर्चाची वजावट नाही. त्यावर एका बड्या कंपनीच्या पर्चेसवाल्याने आम्हालाच सांगितलं, “उद्यम नोंदणी रद्द करा, ऑर्डर चालू ठेवतो.” उद्यम म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी; ती गेली की हे संरक्षणही गेलं.

मोठ्यांचं काम कसं होतं बघा. २० सप्टेंबर २०१९ ला एका अध्यादेशाने सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आला. आमची भागीदारी फर्म ३० वरच. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, २०१७ मध्ये तीही काढली. वर निवडणूक रोखे आले, देणाऱ्याचं नाव मतदारापासून झाकून. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही घटनाबाह्य ठरवलं. न्यायालय म्हणालं तेच आम्ही शेडमध्ये बसून म्हणत होतो: एवढा पैसा देणाऱ्याला धोरणात हात मिळतो. आम्ही कोणाला देणगी देणार? आमचं भांडवल तर त्यांच्याच बिलांत अडकलेलं.

नव्या पोरांना सांगतो. बिलावर उद्यम नंबर छापा. माल पोचवल्याच्या चलनावर तारखेसह सही घ्या, नुसत्या शिक्क्यावर भागवू नका. पीओत (खरेदीच्या लेखी ऑर्डरमध्ये) पेमेंटची मुदत लिहून घ्या. एका गिऱ्हाइकावर निम्म्याहून जास्त काम नको. आणि ट्रायल शॉट पास झाला, तरी शेवटचा हप्ता खात्यात आल्याशिवाय डाय गेटबाहेर सोडू नका, पर्चेसवाला कितीही गोड बोलला तरी. संघटनेच्या मीटिंगलाही जा. कर्जदात्यांच्या समितीत पुरवठादाराला मत हवं, ही मागणी आम्ही तिथे लावून धरली आहे आणि हात कमी पडतायत.